नंदीविशाल जागचा का हलला नाही?

वाचक बंधू-भगिनींनो, आज आम्ही आपल्याला एका बैलाची गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट लहान मुलांची आहे. परंतु ती सांगता सांगता आमच्याच घरात जे घडले, ते मोठ्यांसाठी आहे. म्हणून दोन्ही लिहितो. आपली चूक चारचौघांत कबूल करायला लाज वाटते खरी. पण समाजकार्य करणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या घरातले दोष भाषणात सांगायचे आणि स्वतःच्या घराचे दार लावून घ्यायचे, हे काही बरे नव्हे.

आम्ही पुंडलिकनगरात राहतो. शिक्षण बी.कॉम., नोकरी एका कार्यालयात लिपिकाची. दिवसभर फायली, आवक-जावक रजिस्टर आणि साहेबांच्या सह्या. संध्याकाळी वस्तीतल्या कोणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरून दे, कोणाच्या जातीच्या प्रमाणपत्रासाठी कागद जमव, असे चाललेले असते. रविवारी सकाळी विहारात मुलांचा वर्ग घेतो. वीस-पंचवीस मुले जमतात. वंदना झाली की आम्ही एक गोष्ट सांगतो आणि मग मुले प्रश्न विचारतात. बहुतेकांचे आई-वडील चिकलठाण्याच्या कंपन्यांत, बांधकामावर किंवा चार घरची धुणीभांडी करणारे. रविवारचा तो एक तास त्या मुलांचा हक्काचा आहे, असे आम्ही मानतो.

आता घरची हकिगत. आमच्या धाकट्या मुलाचा दहावीचा निकाल लागला, तो दिवस आमच्या गल्लीत नळाला पाणी येण्याचा होता. पाण्याचा दिवस म्हणजे आपल्याला माहीतच आहे! ड्रम, टाक्या, हंडे, पाइप आणि त्यात आवाज. सगळी गल्ली बाहेर. दुपारी मोबाइलवर निकाल पाहिला. बाकी सगळ्या विषयांत पास आणि गणितात नापास. शेजारच्यांनी विचारले, "काय झालं हो?" आणि आमच्या तोंडून निघून गेले, "काय होणार? नुसता बैल आहे बैल! खायला काळ अन् भुईला भार!"

मुलगा हातातला पाइप धरून उभा होता. तो काही बोलला नाही. ड्रम भरला, पाइप गुंडाळून ठेवला आणि आत गेला.

त्या दिवसापासून त्याने आमच्याबरोबर जेवायचे सोडले. आम्ही जेवून उठलो की तो स्वयंपाकघरात एकटा बसून जेवायचा. फेरपरीक्षेचा अर्ज भरायचा होता, तोही भरेना. आम्ही आणखी दोन वेळा रागावलो. आमच्या सौ. म्हणाल्या, "तुम्ही जितकं बोलाल तितका तो घट्ट होईल." आम्हाला ते पटले नाही. मुलाच्या भल्यासाठी बोलतो, मग चुकते कुठे? अशीच आमची समजूत होती.

पुढच्या रविवारी वर्गात कोणती गोष्ट सांगावी म्हणून जातककथांचे पुस्तक चाळत होतो. पाली जातकसंग्रहात ५४७ कथा आहेत. हत्ती, माकड, हरीण, हंस, ससा, मोर असे किती तरी प्राणी त्यात आहेत. आम्हाला सापडली ती २८ व्या क्रमांकाची, नंदीविशालाची. सोपी आहे, मुलांना आवडेल, एवढाच विचार करून आम्ही ती निवडली. ती आमच्याच घरात येऊन बसणार आहे, हे तेव्हा कुठे ठाऊक होते!

मुलांना सांगितली ती गोष्ट अशी.

गांधार देशात तक्षशिला नावाचे नगर होते. तिथल्या एका ब्राह्मणाला एक वासरू दान म्हणून मिळाले. त्याने त्याचे नाव ठेवले नंदीविशाल. पोटच्या पोरासारखे त्याला वाढवले, पेज आणि भात खाऊ घातला. वासराचा मोठा थोरला बैल झाला. बैलाला वाटले, या माणसाने माझ्यासाठी एवढे कष्ट घेतले, त्याची फेड करावी. तो मालकाला म्हणाला, "ज्याच्याकडे पुष्कळ गुरे आहेत अशा एखाद्या सावकाराकडे जा आणि पैज लाव, की माझा बैल एका मागोमाग बांधलेल्या शंभर भरलेल्या गाड्या ओढतो."

ब्राह्मणाने हजाराची पैज लावली. वाळू, खडी आणि दगड भरलेल्या शंभर गाड्या एकीला एक बांधल्या. नंदीविशालाला आंघोळ घातली, सुवासिक भात खाऊ घातला, गळ्यात माळ घातली आणि पहिल्या गाडीला एकट्यालाच जुंपले. मग स्वतः धुरेवर बसला, आसूड उगारला आणि ओरडला, "चल रे लबाडा, ओढ रे लबाडा!" पालीत शब्द आहे 'कूट'. म्हणजे खोटा, लबाड.

नंदीविशालाने ते ऐकले. मनात म्हणाला, मी लबाड नाही आणि हा मला लबाड म्हणतो! त्याने चारही पाय खांबासारखे रोवले आणि जागचा हलला नाही.

ब्राह्मण हजार हरला. घरी येऊन तोंड झाकून पडला. तेव्हा बैल जवळ येऊन म्हणाला, "मी इतकी वर्षे तुमच्या घरी आहे. कधी एखादे मडके फोडले? कधी कोणाला रेटले? कधी भलत्या जागी घाण केली?" ब्राह्मण म्हणाला, "नाही रे बाळा, कधीच नाही." "मग मला लबाड का म्हणालात? हजार गेले त्यात दोष तुमचा आहे, माझा नाही. आता जा आणि दोन हजारांची पैज लावा. फक्त जो मी नाही, ते मला म्हणू नका."

ब्राह्मणाने पुन्हा पैज लावली. पुन्हा गाड्या भरल्या. या वेळी त्याने बैलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "चल रे भल्या, ओढ रे भल्या!" इथे पाली शब्द आहे 'भद्र'. नंदीविशालाने एकच हिसका दिला आणि शेवटची गाडी पहिल्या गाडीच्या जागेवर आणून उभी केली!

मुलांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही वाणिज्य शाखेचे, म्हणून मुलांना हिशेबही विचारला. आधी हजार गेले, मग दोन हजार आले, तर निव्वळ फायदा किती? मुले ओरडली, "हजार!" आम्ही म्हणालो, "एका शब्दाने हजार घालवले आणि एका शब्दाने दोन हजार मिळवून दिले. बैल तोच, गाड्या त्याच, मालकही तोच. बदलला फक्त शब्द."

आमच्या वर्गात सहावीत शिकणारी एक मुलगी आहे. तिची आई बांधकामावर जाते. तिने हात वर केला आणि म्हणाली, "काका, त्या बैलाला बोलता येत होतं म्हणून त्यानं सांगितलं. ज्याला बोलता येत नाही, त्यानं कसं सांगायचं?"

आम्ही उत्तर द्यायला तोंड उघडले आणि नजर मागे गेली. आमचा धाकटा नेहमीप्रमाणे सतरंज्या घालायला आला होता. दाराजवळ भिंतीला टेकून उभा होता. त्याने आमच्याकडे पाहिले नाही. खाली मान घालून सतरंजीची दशी ओढत राहिला.

त्या पोरीला आम्ही काय उत्तर दिले, ते आज आठवत नाही. पण उत्तर आमच्या समोरच उभे होते. ज्याला बोलता येत नाही, तो पाय रोवून उभा राहतो. अर्ज भरत नाही. एकटा जेवतो.

घरी आल्यावर पुस्तक पुन्हा काढले. ही कथा भगवान बुद्धांनी कशावरून सांगितली, ते वाचले. श्रावस्तीच्या जेतवनात सहा भिक्षूंचा एक गट होता. ते इतर सज्जन भिक्षूंना टोचून बोलत, हिणवत. तक्रार बुद्धांच्या कानावर गेली. त्यांनी त्या सहा जणांना बोलावून समज दिली आणि कडू शब्द जनावरालासुद्धा रुचत नाही, हे दाखवण्यासाठी ही गोष्ट सांगितली. हीच गोष्ट विनयपिटकातही आहे आणि तिथे तिला जोडून भिक्षूंसाठी नियम घालून दिला आहे. पाचित्तिय नावाचे जे ९२ नियम आहेत, त्यांतला हा दुसरा. त्याला 'ओमसवाद' म्हणतात. ओमसवाद म्हणजे हिणवून बोलणे.

आता नीट ऐका. माणसाला कशाकशावरून हिणवले जाते, त्याचे दहा प्रकार तिथे मोजून दिले आहेत. जन्म, नाव, गोत्र, काम, कसब, आजार, शरीराची ठेवण, मनातील विकार, हातून घडलेला अपराध आणि शिवी. यांत पहिला क्रमांक जन्माचा, म्हणजे जातीचा! त्या काळी ज्यांना हीन म्हणत त्या चांडाळ, वेण, निषाद, रथकार, पुक्कुस यांची नावे घेऊन सांगितले आहे, की असे म्हणून कोणाला खाली पाहायला लावले तर तो दोष आहे. एवढेच नव्हे. एखाद्याला हिणवण्याच्या हेतूने वरच्या जातीचे नाव घेऊन टोमणा मारला, तरीही दोष आहे. आणि कोणी म्हणाले, 'मी गमतीने बोललो', तर तेसुद्धा सुटत नाही. दोष हलका धरला आहे, पण वाईट बोलणे म्हणून नोंदला आहे. आमच्या कार्यालयातल्या भाषेत सांगायचे तर फाइल बंद होत नाही.

हे वाचताना आम्हाला बाबासाहेबांच्या लहानपणची ती बैलगाडी आठवली. साल १९०१. भीमराव आणि घरातली मुले वडिलांना भेटायला निघाली होती. मसूर स्टेशनवर उतरली. गाडीवानांना मुलांची जात कळली आणि कोणी गाडी द्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले. गाडी मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे! डबा बरोबर होता, पण रात्री कोणी पाणी दिले नाही, म्हणून मुले उपाशी झोपली. बाबासाहेबांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे. आम्ही दर वर्षी जयंतीत ही घटना सांगतो. पण त्या दिवशी एक गोष्ट नव्याने लक्षात आली. त्या गाडीला बैलही होतेच की! त्यांनी कोणाला जात विचारली नाही. मुलांनी हाकले, तसे ते चालले.

रात्री ही सगळी गोष्ट आम्ही आमच्या वडिलांना सांगितली. त्यांना आम्ही दादा म्हणतो. वय पंचाहत्तरच्या पुढे. तरुणपणी जालना जिल्ह्यातल्या एका गावात ते सालगडी होते. बहात्तरच्या दुष्काळात गाव सुटले आणि ते या शहरात आले. दादा फारसे बोलत नाहीत. त्या रात्री मात्र बाजेवर उठून बसले.

म्हणाले, "आमच्या मालकाकडं एक बैल व्हता, सर्जा. मालक त्याला सर्जाराव म्हणायचा. पाठीवर हात ठेवल्याबिगर कधी जुंपायचा नाही. पोळ्याला आपल्या हातानं पुरणाची पोळी त्याच्या तोंडात घालायचा. अन् मला? मला लांबून, वरून फडक्यात टाकायचा. बैलाला नाव व्हतं बाबा. मला नव्हतं. मला जातीनं हाक मारायचा."

आम्ही गप्प.

"हात चालायचे माझे. पोटासाठी चालवावेच लागायचे. पण काम कधी आपलं वाटलं नाही. मन तिथंच पाय रोवून उभं राह्यचं, तुझ्या त्या बैलावाणी." थोडा वेळ थांबून म्हणाले, "तू पाण्याच्या दिवशी पोराला गल्लीत बोललास ना, तव्हा मला त्या मालकाचा आवाज आला. म्या तव्हाच बोलणार व्हतो. पण तू शिकलेला."

वाचकहो, इतक्या वर्षांत आम्हाला कोणी एवढे मोठे प्रशस्तिपत्र दिले नव्हते! जातीवरून अपमान करणाऱ्याला शिक्षा व्हावी म्हणून १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा झाला. त्या कायद्याची कलमे आम्ही वस्तीत समजावून सांगतो. दुसऱ्याने आपल्याला हिणवले तर पोलीस ठाण्यात कसे जायचे, हे आम्हाला तोंडपाठ आहे. आणि आपल्या घरात आपण कोणाला हिणवतो, याची नोंद कोणत्या रजिस्टरात? ज्या आवाजाने आमच्या बापाचे तारुण्य खाल्ले, तो आवाज आमच्या तोंडून आमच्या मुलाला ऐकू गेला. जात नव्हती त्या शब्दात. पण आसूड तोच होता.

त्याच रात्री आम्ही मुलाजवळ गेलो. तो जागाच होता. आम्ही म्हणालो, "त्या दिवशी गल्लीत जे बोललो, ते चुकलं आमचं." तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "राहू द्या पप्पा." बस्स, एवढेच. एका शब्दाने गाडी हलली, असे काही झाले नाही. जातकातला बैल दुसऱ्या पैजेला लगेच तयार झाला. माणसाच्या पोराला वेळ लागतो.

दुसऱ्या दिवशी शेजारच्यांसमोर, नळाजवळच, आम्ही सांगितले, की आम्ही त्या दिवशी चुकीचे बोललो. अपमान चारचौघांत झाला होता, तर माफीही चारचौघांतच हवी. हे आम्हाला दादांनी सुचवले. त्यानंतर दोन दिवसांनी मुलाने फेरपरीक्षेचा अर्ज आमच्यापुढे सहीला ठेवला. गल्लीतली एक कॉलेजात शिकणारी मुलगी त्याला रोज तासभर गणित शिकवायला तयार झाली. ती कधी चिडत नसे. उदाहरण चुकले तर म्हणायची, "इथपर्यंत बरोबर आहे. पुढचं पुन्हा बघू." आम्ही बाजूला बसून ऐकायचो आणि मनात म्हणायचो, हिला नंदीविशालाची गोष्ट सांगायची गरजच नाही.

परीक्षा झाल्यावर आम्ही त्याला अजिंठ्याला घेऊन गेलो. शंभर किलोमीटरवर राहून त्याने लेणी पाहिली नव्हती, हाही आमचाच दोष. फर्दापूरच्या फाट्यावरून लेण्यांच्या बसने गेलो. १७ व्या लेण्यात जातककथांची भिंतचित्रे आहेत. ही चित्रे पाचव्या शतकातली, दीड हजार वर्षांपूर्वीची. त्यात मातृपोषक हत्तीची कथा आहे. आंधळ्या आईला सांभाळणाऱ्या हत्तीला राजाची माणसे पकडून नेतात. राजवाड्यात त्याच्यापुढे उत्तम चारा ठेवतात, पण तो तोंड लावत नाही. राजा कारण विचारतो. रानात आई उपाशी आहे, हे कळल्यावर राजा त्याला सोडून देतो. आम्ही हे सांगत होतो, तेव्हा मुलगा अंधुक उजेडात त्या हत्तीकडे बराच वेळ पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "राजानं विचारलं तरी, का जेवत नाहीस म्हणून."

आम्ही आठ-दहा दिवस विचारले नव्हते. एवढेच त्याला म्हणायचे होते. आम्हाला ते कळले आणि आम्हाला कळले, हेही त्याला कळले. परतीच्या बसमध्ये त्याने स्वतःहून डबा उघडला आणि पहिली भाकर आमच्या हातात दिली.

फेरपरीक्षेत त्याला गणितात ४१ गुण मिळाले. ४१ म्हणजे काही फार मोठी गोष्ट नव्हे. आता तो आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स करतो. शंभर गाड्या नसतील, पण स्वतःची गाडी तो ओढतो आहे.

आमच्या रविवारच्या वर्गात तेव्हापासून एक नियम झाला आहे. जनावराचे नाव शिवी म्हणून वापरायचे नाही. बैल, गाढव, डुक्कर, कुत्रा. यांतल्या कोणी आपले काय बिघडवले? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांत सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. माणसाला बैल म्हणणाऱ्याने माणसाचाही अपमान केला आणि बैलाचाही. दुसरा नियम, कामावरून कोणाला हाक मारायची नाही. आमच्या गल्लीत घंटागाडी येते. पूर्वी मुले 'ए कचरा' असे ओरडत. आता 'काका आले' म्हणतात. त्या गृहस्थांनी एकदा आम्हाला थांबवून विचारले, "सर, तुम्ही पोरांना काय शिकवलं?" आम्ही म्हणालो, "आम्ही नाही. एका बैलानं शिकवलं." ते हसले. त्यांना वाटले आम्ही चेष्टा करतो!

आणि ती सहावीतली मुलगी? तिच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही पुढच्या रविवारी दिले. म्हणालो, "बाळ, ज्याला बोलता येत नाही, त्याला आपण विचारायचं." ती थोडा विचार करून म्हणाली, "आणि ज्याला बोलता येतं पण भीती वाटते, त्यालाही?" आम्ही म्हणालो, "त्याला तर आधी."

तेव्हा बंधू-भगिनींनो, आज रात्री जेवताना आपल्या मुलांना नंदीविशालाची गोष्ट जरूर सांगा. पाच मिनिटे लागतात. सांगून झाल्यावर मात्र आम्ही केले तेवढे करा. आपल्या घरात कोणी पाय रोवून उभे आहे का, ते पाहा. मुलगा असेल, सून असेल, म्हातारे आई-वडील असतील, दिवसभर राबून आलेली बायको असेल. त्यांना काय झाले, ते विचारा. आसूड खाली ठेवा आणि पाठीवर हात ठेवा. गाडी एकदम हलणार नाही. पण हलेल.

जयभीम!